छापील वॅट आणि मोजलेले वॅट

मोटारगाडींतील अँप्लिफायर अर्थात् ध्वनिवर्धक ह्याच्या खोक्यावर पुष्कळदां '१००० वॅट' असें ठळक छापलेलें असतें. तें कितपत खरें, हें आपण साध्या मल्टिमीटरनें मोजून पाहूं.

स्पीकरचा अवरोध स्वराबरोबर बदलतो. म्हणून त्याच्या जागीं पुष्कळ उष्णता सोसणारा ४ ओहमचा रोधक जोडावा. तो फार तापतो, हात लावूं नये. मग ५० हर्ट्झचा एकच शुद्ध स्वर चालवावा. कारण साधा मल्टिमीटर उंच स्वरांवर चुकतो. मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टांवर ठेवून रोधकाच्या दोन्ही टोकांस लावावा व आवाजाची कळ हळूहळू फिरवावी. व्होल्टांची वाढ मंदावली कीं थांबावें. तेथें लहरींचे माथे कापले जाऊं लागतात. समजा, २० व्होल्ट आले. २० चा वर्ग ४००. त्यास ४ नें भागितां त्या एका वाहिनीचे १०० वॅट झाले.

आतां फ्यूज पाहूं. तो ३० अँपिअरचा व गाडीचा विद्युद्दाब १४ व्होल्ट असल्यास आंत येणारी शक्ति ४२० वॅट. ध्वनिवर्धक शक्ति उत्पन्न करीत नाहीं. घेतलेल्यांतील कांहीं भाग उष्णतेंत गमावून उरलेली देतो. मग त्यांतून सतत १००० वॅट कोठून निघणार? जेथें मोजतां येतें, तेथें छापील अक्षरांवर विसंबणें आपणांस शोभत नाहीं.