सही करण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी

चि. सई हिस,


तुझी नऊच्या नऊ गाणी ऐकली. दोनदा गाडीत, एकदा पोळ्या लाटताना. चौथ्या गाण्यात तुझा आवाज इतका घासूनपुसून लखलखीत केलाय की तुला श्वासावरून ओळखावं लागलं. सातवं मात्र तू खोलीत बसून फोनवरच केलंयस ना? मागे कुत्रा भुंकतोय. तेच मी पुन्हा पुन्हा लावलं. रेकॉर्ड कंपनीवाले ते 'नीट' करणार आहेत, असं तुझी आई म्हणाली. करू देत, पण जुनं पुसू नकोस.

नोरा जोन्सचंच बघ. ती टेक्सासात आईजवळ वाढली आणि न्यूयॉर्कला येऊन छोट्या छोट्या जागी गायची. वडील रविशंकर, पण ते नाव तिनं पाटीवर लावलं नाही. तिचा पहिला अल्बम 2002 च्या फेब्रुवारीत ब्लू नोट कंपनीनं काढला. त्याआधी मोठ्या स्टुडिओत झालेलं बरंच काम बाजूला पडलं होतं, निर्माते अरिफ मार्दिनना बोलावून पुन्हा मांडामांड झाली होती. आणि घरोघरी पोचलेलं 'डोन्ट नो व्हाय' मुळात अगदी सुरुवातीच्या कच्च्या मुद्रणातलंच!

पुढच्या वर्षी ग्रॅमीत तिनं ओंजळभर बक्षिसं नेली. 'साँग ऑफ द इयर' मात्र गेलं जेसी हॅरिसकडे, कारण ते गाणं त्याचं होतं. इथला कायदाही असाच आहे: गाणं ही एक मालमत्ता, गायलेलं ही दुसरी. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला दमडी नाही. इंटरनेटवरच्या रेडिओचं तसं नाही, तिथे गायकाचा वाटा ठरलेला आहे. तू स्वतः लिहितेस, म्हणून हे तुला आधी कळायला हवं. नऊपैकी कुठल्या गाण्यात कुणाच्या किती ओळी, कुणाची चाल, हे आजच कागदावर मांडून सगळ्यांच्या सह्या घे. गाणं चाललं की मित्रांच्या आठवणी बदलतात.

आता ती दुसरी मालमत्ता. टेलर स्विफ्टचा पहिला अल्बम 2006 साली आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. मुद्रणांची मालकी कंपनीकडे. 2019 मध्ये ती कंपनीच विकली गेली आणि तिचे पहिले सहा अल्बम तिला नको असलेल्या माणसाच्या हाती गेले. पण लेखणी तिची होती, म्हणून 2021 पासून तिनं जुने अल्बम नव्यानं गाऊन काढायला सुरुवात केली. मूळ मुद्रणं तिनं विकत घेतली ती थेट 2025 च्या मे महिन्यात. तिच्याकडे तेवढे पैसे होते. आपल्याकडे नाहीत, तेव्हा आपण आधीच विचारायचं: मालकी किती वर्षांसाठी? परत कधी?

आता कंपनीच्या त्या ॲडव्हान्सबद्दल. तुझी आई हरखून गेलीय. आमच्या बीडकडे ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर कोयता चालवून फेडतात. हीही उचलच. सहसा खिशातून परत मागत नाहीत, पण फिटेपर्यंत तुझ्या वाट्याचे पैसे तुला दिसत नाहीत, आणि स्टुडिओचा खर्चही बहुधा त्यातच मोजतात. अशाच वाट्यासाठी, रॉयल्टीसाठी, लताबाईंनी साठच्या दशकात भांडण मांडलं तेव्हा रफींशी बिनसलं, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. लोकांना त्या हट्टी वाटल्या. मला हिशेबी वाटतात, आणि हा शब्द मी कौतुकानंच वापरतेय.

माझं सांगू? 1991 साली पुण्यात एका कॅसेटसाठी मी आठ अभंग गायले. रिक्षाभाडं धरून एकरकमी पैसे, सही एका पावतीवर. खाली काय छापलं होतं ते वाचलंच नाही, कारण चष्मा पर्समध्ये होता आणि लाज वाटत होती. गेल्या दिवाळीत ओक ट्री रोडवरच्या दुकानात कोथिंबीर निवडताना माझाच आवाज ऐकू आला. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, ही मी. तो म्हणाला, काकू, पिशवी हवी का?

तर वकील संगीताच्या करारांचाच बघ. अमितदादा घरांची कागदपत्रं करतो, त्याच्या भिडेला पडू नकोस. "शुक्रवारपर्यंत सही हवी" म्हणाले तर सोमवारी फोन कर. करार आला की फोटो नको, पूर्ण फाइल पाठव. जोडाक्षरांवर अडलीस तर हे पत्र आईकडून वाचून घे, फक्त उचलीचा परिच्छेद तेवढा गाळायला सांग.

आणि त्या भुंकणाऱ्याला माझ्याकडून एक बिस्कीट.

तुझी,
मावशी