तान्ह्या बालकाची मंद वजनवाढ : पोषण, मातृत्व आणि सार्वजनिक धोरण

कुपोषणाचा विषय निघाला की सामान्यतः अंगणवाडीत बसलेले तीन-चार वर्षांचे बालक डोळ्यांसमोर येते. परंतु त्या बालकाच्या वाढीतील तूट बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतच, आणि कित्येकदा पहिल्या काही महिन्यांतच, निर्माण झालेली असते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे १००० दिवसांना धोरणकर्ते आज जे महत्त्व देतात, त्याचे कारण हेच आहे. या कालखंडातील पहिले सहा महिने मात्र विशेष प्रकारचे आहेत. या काळात बालकाचे संपूर्ण पोषण मातेकडून होते. त्यामुळे तान्ह्या बालकाचे वजन मंद गतीने वाढणे हा केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही. मातेचे आरोग्य, तिचा वेळ, तिचे उत्पन्न आणि शासकीय यंत्रणेची तत्परता यांच्याशी तो निगडित होतो.

वजन आणि वजनवाढ : दोन भिन्न संकल्पना

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बालकाचे वजन थोडे घटते. ही घट नैसर्गिक असून निरोगी बालक साधारणतः दोन आठवड्यांत आपले जन्मवजन पुन्हा गाठते. त्यानंतर पहिले तीन महिने दररोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. पुढे ही गती आपोआप कमी होते. जन्मवजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालवाढीची नवी मानके जाहीर केली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील बालकांच्या अभ्यासावर ती आधारलेली आहेत. भारतातील नमुना दिल्लीचा होता. या मानकांचा गाभा असा, की योग्य स्तनपान व आरोग्यदायी परिस्थिती लाभल्यास निरनिराळ्या देशांतील बालके जवळपास सारखीच वाढतात. ‘आपल्याकडची मुले मुळातच लहान असतात’ या समजुतीला त्यामुळे शास्त्रीय आधार उरला नाही. भारताने २००८ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजनेत ही मानके स्वीकारली.

येथे एका काल्पनिक उदाहरणाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ‘अ’ या मुलीचे जन्मवजन २.३ किलो होते व तीन महिन्यांनी ते ४.४ किलो झाले. ‘ब’ या मुलीचे जन्मवजन ३.२ किलो, पहिल्या महिन्याअखेर ४.१ किलो, दुसऱ्या महिन्याअखेर ४.६ किलो आणि तिसऱ्या महिन्याअखेर ४.८ किलो नोंदले गेले. तीन महिन्यांच्या मुलीसाठी कमी वजनाची सीमारेषा सुमारे ४.५ किलो आहे. त्यामुळे ‘अ’ची नोंद आलेखाच्या पिवळ्या पट्ट्यात होईल, तर ‘ब’ची हिरव्या पट्ट्यात. तथापि, ‘अ’ दररोज सुमारे २३ ग्रॅमने वाढत आहे. ‘ब’ची वाढ मात्र शेवटच्या दोन महिन्यांत दररोज जेमतेम ११ ग्रॅमवर आली आहे. ‘अ’च्या घरी चिंता आहे आणि तिच्या मातेला धीराची गरज आहे. ‘ब’च्या घरी कोणालाच चिंता नाही, परंतु तपासणीची तातडीची गरज तिलाच आहे.

तात्पर्य, एका दिवसाचे वजन ही स्थिती दर्शवते, तर लागोपाठच्या नोंदींनी बनणारी रेषा दिशा दर्शवते. शासकीय अहवालांतील टक्केवारी ही बहुधा स्थितीची असते. दिशा केवळ माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेखातच दिसते.

मंद वाढीची कारणे

मंद वजनवाढीची कारणे स्थूलमानाने तीन गटांत विभागता येतात. पहिले, बालकाला पुरेसे दूध न मिळणे : स्तनाग्र नीट न पकडणे, पाजण्यात मोठे अंतर पडणे, अपुऱ्या दिवसांच्या बालकाची चोखण्याची शक्ती कमी असणे. दुसरे, बालकाचे आजार : जंतुसंसर्ग, अतिसार, जन्मजात हृदयदोष. तिसरे, मातेची स्थिती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) नुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवती महिलांना रक्तक्षय होता, तर १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. कृश मातेच्या पोटी कमी वजनाचे बालक जन्मते आणि वाढीची शर्यत ते मागूनच सुरू करते.

बहुसंख्य प्रसंगी पाजण्याची पद्धत सुधारल्याने वजन वाढू लागते. परंतु दोन आठवड्यांतही जन्मवजन न गाठणे, लघवीचे प्रमाण घटणे, बालक सुस्त होणे किंवा दूध ओढेनासे होणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते.

‘दूध पुरत नाही’ या समजुतीचे अर्थकारण

बालक रडले किंवा शेजारच्या बालकापेक्षा बारीक दिसले, की मातेचे दूध पुरत नाही असा निष्कर्ष घरात काढला जातो आणि वरचे दूध सुरू होते. बालकाचे चोखणे कमी झाल्याने मातेचे दूध खरोखरच घटते. पावडरीचा डबा महाग असल्याने तो पुरवून वापरला जातो व दूध पातळ होते. अस्वच्छ पाणी आणि बाटली यांमुळे अतिसार होतो आणि वजन आणखी घटते. अशा रीतीने चुकीचे निदान स्वतःलाच खरे ठरवते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे माहितीच्या अभावातून उद्भवणारे बाजारपेठेचे अपयश होय. म्हणूनच अर्भकांसाठीच्या दूध-पर्यायांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी घालण्यात आली व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. येथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापनातील एक विसंगतीही लक्षात घ्यावी : विकल्या गेलेल्या पावडरीची गणना उत्पन्नात होते, मातेच्या दुधाची होत नाही. स्तनपानाला पैसा लागत नसला, तरी ते विनामूल्य नाही. त्यासाठी मातेचा वेळ व अधिक आहार लागतो. मजुरीवर परतलेल्या मातेसाठी त्या वेळेची किंमत म्हणजे बुडालेला रोज असतो.

धोरणात्मक तरतुदी

संघटित क्षेत्रात प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा १२ वरून २६ आठवड्यांपर्यंत वाढवली. ही तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आली. २६ आठवडे म्हणजे सुमारे सहा महिने, निव्वळ स्तनपानाच्या शिफारशीशी हा कालावधी जवळपास जुळतो. परंतु बहुसंख्य श्रमिक स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत.

त्यांच्यासाठी राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मध्ये किमान ६,००० रुपये मातृत्व लाभाची तरतूद आहे. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये निश्चित करण्यात आले. जननी सुरक्षा योजनेचे अनुदान धरून सरासरी ६,००० रुपये होतात, असे त्याचे समर्थन केले जाते. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांचा लाभ जोडण्यात आला. २६ आठवड्यांवर विभागल्यास ५,००० रुपये म्हणजे दिवसाला सुमारे २७ रुपये होतात. आहारासाठी ही रक्कम साहाय्यक ठरू शकते, परंतु बुडालेल्या मजुरीची भरपाई तीतून होत नाही.

सेवांच्या बाबतीत, गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ संस्थेने गावपातळीवरील प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी गृहभेटी देऊ लागल्या. २०१८ मध्ये तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यातील भेटी जोडण्यात आल्या.

तरीही बेचाळिसावा दिवस आणि तिसरा महिना यांच्यामध्ये सुमारे दीड महिन्याचे अंतर राहते. ‘ब’ या मुलीची रेषा नेमकी याच काळात सपाट झाली. अंगणवाडीतील मासिक वजन ही पोकळी भरू शकते. परंतु बालकाचा पूरक आहार सहा महिन्यांनंतरच सुरू होत असल्याने त्यापूर्वीची बालके तेथे आणली जाण्याचे प्रयोजन कुटुंबाला जाणवत नाही. यावर अल्पखर्चिक उपाय उपलब्ध आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार ६, १० व १४ आठवड्यांना प्रत्येक बालक आरोग्य कर्मचाऱ्यासमोर येणे अपेक्षित असते. त्याच वेळी अचूक वजनकाट्यावर वजन करून रेषा आखल्यास अतिरिक्त खर्च नगण्य राहील. १०० ग्रॅमच्या खुणांचा टांगता काटा मात्र या वयात अपुरा पडतो, कारण आठवड्याची अपेक्षित वाढच १५० ते २०० ग्रॅम असते.

प्रगती आणि उर्वरित कार्य

पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३२.१ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांखालील बालकांच्या निव्वळ स्तनपानाचे प्रमाण २०१५-१६ मधील ५४.९ वरून ६३.७ टक्के झाले. याच काळात संस्थात्मक प्रसूती ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेल्या, परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू होण्याचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्के झाले. प्रसूती रुग्णालयात पोहोचली. पाजण्याबाबतचे मार्गदर्शन तेथे त्या प्रमाणात पोहोचले नाही. महाराष्ट्रात तर कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण ३६.० वरून ३६.१ टक्के, म्हणजे जवळपास स्थिर राहिले.

मंद वजनवाढ ही कुपोषणाची पहिली सूचना असते. ती ओळखली गेल्यास उपाय बहुधा घरातच, मातेजवळ बसून, करता येतो. ती निसटल्यास पुढे पोषण पुनर्वसन केंद्राचा मार्ग धरावा लागतो, जो कुटुंबासाठी व शासनासाठीही अधिक खर्चाचा असतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१) बालकाचे वजन आणि वजनवाढीची गती यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२) असंघटित क्षेत्रातील मातांसाठीच्या मातृत्व लाभाची पर्याप्तता तपासा.
३) संस्थात्मक प्रसूती वाढूनही तासाभरातील स्तनपानाचे प्रमाण स्थिर का राहिले असावे? चर्चा करा.