सभास्थानाच्या दाराशी

शास्त्रभाग : याकोब 2:1-9

बंगळूर शहरातील चामराजपेट ही 1892 साली आखलेली वसाहत; म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला दिलेले आहे. तेथून कृष्णराज मार्केट ओलांडले की चिकपेट लागते. तेथल्या अरुंद गल्ल्यांत रेशमी साड्यांची दुकाने दाटीने उभी आहेत. गिऱ्हाईक पायरी चढते न चढते तोच विक्रेता त्याला नखशिखान्त न्याहाळतो आणि कोणते कपाट उघडावयाचे हे मनाशी ठरवितो. त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही; तो त्याचा व्यवसायच आहे. परंतु हीच नजर मंदिराच्या दाराशी स्वागतासाठी उभी राहिली तर?

याकोबाच्या पत्रात नेमके हेच घडते. सोन्याची अंगठी व झगझगीत वस्त्रे ल्यालेला मनुष्य सभास्थानात येतो, त्याच्या मागून मळकट कपड्यांतला दरिद्री येतो. एकाला मानाची जागा मिळते. दुसऱ्याला उभे राहावयास किंवा पायांशी बसावयास सांगितले जाते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याकोब त्या श्रीमंताला अंगठी काढावयास सांगत नाही. त्याचा ठपका आहे तो जागा दाखविणाऱ्यांवर. कपड्यावरून मनुष्याचे मोल ठरविणारे ते दुष्ट विचारांचे न्यायाधीश झाले आहेत, असे तो म्हणतो.

या 'झगझगीत वस्त्रां'साठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्दप्रयोग आहे, तोच लूक 23:11 मध्येही आढळतो. तेथे हेरोद आपल्या प्रभूची थट्टा करण्यासाठी त्याला तसेच वस्त्र घालून पिलाताकडे परत पाठवितो. ज्या वस्त्राला सभास्थानात मान मिळतो, तेच वस्त्र हेरोदाच्या वाड्यात विटंबनेचे साधन होते.

वस्त्र हे प्रतिष्ठेचे चिन्ह आहे म्हणूनच ते दुसऱ्याला नाकारलेही जाते. त्रावणकोर संस्थानात नाडार समाजाच्या स्त्रियांनी उच्चवर्णीयांप्रमाणे खांद्यावरून उपरणे घेऊ नये, असा दंडक होता. लंडन मिशनच्या मंडळ्यांतील ख्रिस्ती भगिनींनी तो मानला नाही. 1829 च्या जाहीरनाम्याने त्यांना कुडतीची तेवढी मुभा ठेवली, उपरणे मात्र मना केले. 1858-59 मध्ये त्यावरून दंगली झाल्या, मंदिरे व शाळा जाळण्यात आल्या. अखेर जुलै 1859 मध्ये अंग झाकण्याचा हक्क मान्य झाला, पण तोही 'उच्चवर्णीय स्त्रियांच्या पद्धतीने नव्हे' या अटीवर! अंग झाकण्यास हरकत नव्हती; बरोबरीस होती.

आपल्या महाराष्ट्रातही डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे पायघोळ नेसण्यास आणि अस्पृश्यतेची खूण ठरणारे जड दागिने टाकण्यास सांगितले. भगिनींनी ते तत्काळ आचरणात आणले.

याच्या उलट उदाहरण मुक्तिफौजेच्या फ्रेडरिक टकर यांचे. सनदी नोकरी सोडलेला हा इंग्रज 1882 साली मुंबईत उतरला तो भारतीय वेशात. त्यांचा त्याग खरा होता. मात्र ज्याच्याजवळ साहेबी पोशाख होता त्यालाच तो उतरविता आला, हे विसरून चालणार नाही.

म्हणून 1 पेत्र 3:3 वर प्रवचन करताना थोडे थांबावे. केस गुंफणे व सोने घालणे यांविषयीचे ते वचन आपल्याकडे बहुधा स्त्रियांनाच ऐकविले जाते. सुटाबुटातील पंचमंडळींना याकोबाचे दुसरे अध्याय ऐकविल्याचे प्रस्तुत लेखकास फारसे आठवत नाही. घरकाम करणारी एखादी भगिनी वर्षभर पैसे साठवून ईस्टरला रेशमी साडी नेसून येते. तिला साधेपणाचा उपदेश करावयाचा, आणि जिच्या कपाटात तशा वीस आहेत तिने साधी सुती साडी नेसली की नम्रतेची वाखाणणी करावयाची, हाही पक्षपातच आहे. पहिलीच्या साडीत गर्व असेलही. तो देवाला ठाऊक. पण त्या साडीत, पहिल्या बाकावर बसण्यास आपण पात्र आहोत, एवढेच तिचे म्हणणे असू शकेल.

अभ्यासगटासाठी एक काम सुचवितो. येत्या रविवारी उपासनेपूर्वी दाराशी उभे राहावे. कोणाला हात जोडून पुढे नेले जाते, कोण न सांगताच मागल्या बाकाकडे वळतो, हे पाहावे. मग याकोब 2:1-9 पुन्हा मोठ्याने वाचावे, आणि त्या मागल्या बाकावरच्या मंडळींना चर्चेस बोलवावे.