बावखल, खुंटी आणि दोरी

वसईच्या वाडींतील बावखल म्हणजे काय, हें आम्हांस कोणा विद्यार्थ्यास सांगावें लागत नाहीं. त्याच्या काठीं खुंटी ठोकावी आणि रबरासारखी एक दोरी पाण्याभोवतीं फिरवून तिचीं दोन्हीं टोंकें खुंटीस बांधावीं. दोरी ताणावी, स्वतःवरून सरकवावी; मात्र पाण्यावरून नेऊं नये. ती खुंटीपाशीं कधींही गोळा होणार नाहीं. कोरड्या अंगणांत सहज होते. सुलट्या वेढ्यास उलटा वेढा जोडला, कीं दोन्ही फिटतात. एक व उणे एक मिळून शून्य. आकारांतील छिद्रें अशा हिशेबानें ओळखण्याची रीति फ्रान्सचे आंरी प्वांकारे यांनीं १८९५ सालीं घालून दिली. तीच बीजगणितीय टॉपॉलॉजी.

आतां शेजारीं दुसरें बावखल घ्या. पहिल्यास सुलटा वेढा, दुसऱ्यास सुलटा, पुन्हां पहिल्यास उलटा, दुसऱ्यास उलटा. प्रत्येक बावखलाची बेरीज शून्य, तरी दोरी सुटत नाहीं! बेरजेंत क्रम नाहींसा होतो, दोरींत तो राहतो; आमच्या मतें या शास्त्रांतील सर्वांत सुंदर गोष्ट हीच. वसईंत कित्येक बावखलें बुजविलीं गेलीं आहेत. या दोहोंतील कोणतेंही एक बुजवा, दोरी तत्काळ मोकळी होते. पालकांनीं हें दोन खिळे व सुतळी घेऊन घरीं अवश्य पाहावें.

एक मांडणी सरकवीत दुसरीस नेणें, ही देखील एक वाटच. अशा दोन वाटांमधील वाट हा उच्च संवर्गशास्त्राचा विषय होय. वस्तूंपेक्षां त्यांमधील बाणांकडे पाहणारी ‘संवर्ग’ ही कल्पना आयलेनबर्ग व मॅक लेन यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केली. तें पुढें कॉलेजांत. तूर्त विद्यार्थ्यांनीं तीन खिळे घ्यावे, आणि कोणताही एक उपटतांच सुटेल असा वेढा शोधावा.