ती सही माझी आहे

तेराव्याची पंगत उठायच्या आत आत्यानं मला ऐकवलं, "जित्या माणसाला दवाखान्यातनं उचलून आणलंस गं." दादा शेजारीच उभा होता. आणायच्या आदल्या रात्री काय बोलणं झालं ते त्याला ठाऊक होतं. तो पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या पानाकडे गेला.

सव्वा वर्ष झालं, नात्यात अजून तीच गोष्ट फिरते आहे. म्हणून एकदा माझी बाजू सांगते. ज्यांच्या घरी आज असं माणूस अंथरुणावर आहे, त्यांनाही काही उपयोग होईल.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, आजार यकृतापर्यंत गेला होता, केमो बंद झाली होती. तरी धाप लागली तसं आम्ही त्यांना आयसीयूत नेलं. दुसरं काही सुचलंच नाही. रोज सकाळी काउंटरवर पैसे भरायचे. दुपारी डॉक्टर दोन मिनिटं भेटायचे आणि म्हणायचे, "क्रिटिकल आहेत, पण स्टेबल आहेत." मी तीन वेळा विचारलं, यातून बाहेर येतील का? तिन्ही वेळा उत्तर एकच, "आपण प्रयत्न करतोय." अण्णा बरे होणार नाहीत हे डॉक्टरांना माहीत होतं. ते वाक्य माझ्यासमोर उच्चारायची तयारी मात्र कुणाची नव्हती.

भेटायला संध्याकाळी पंधरा मिनिटं मिळायची. नवव्या दिवशी आत गेले तर अण्णांचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्याला गॉजपट्टीनं बांधलेले. नाकातली नळी ओढतात म्हणून. उजव्या मनगटावर पट्टी रुतून लाल वळ उठला होता. पंचावन्न वर्षं शिवणकाम केलेला माणूस. बांधलेल्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं हलत होतं. चादरीची कड चिमटीत धरून ते शिवण चाचपत होते. फलटणच्या दुकानात गिऱ्हाइकाला कपडा द्यायच्या आधी ते अशीच शिवण बोटांतून फिरवून बघायचे. मी गाठ सोडायला गेले, तर सिस्टर ओरडल्या, "हात लावू नका, आम्हाला बोलणी बसतात." पंधरातली निम्मी मिनिटं त्यांच्याशी हुज्जत घालण्यात गेली. मग अण्णांच्या तोंडाशी कान नेला. "घरी," एवढंच म्हणाले.

दहाव्या दिवशी व्हेंटिलेटरच्या संमतीचा कागद पुढे आला. मी म्हटलं, नको. तशी डॉक्टरांचा सूरच बदलला. "मग इथं ठेवण्यात अर्थ नाही. डामा घ्या, तुमच्या जबाबदारीवर." दादाला फोन लावला. तो म्हणाला, "तू तिथं आहेस, तुला योग्य वाटेल ते कर." दुसऱ्या दिवशी मी सही केली. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत आहे, असं त्यावर छापलेलं असतं. तोच कागद आज माझ्याविरुद्ध दाखवतात.

इथं माझी चूक झाली, ती तुम्ही करू नका. अशी सही करायच्या आधी डॉक्टरांना समोर बसवून विचारा: उपचार बरं करण्यासाठी चालले आहेत की फक्त त्रास कमी करण्यासाठी? उत्तर केसपेपरवर लिहून मागा. घरी लागणाऱ्या औषधांची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय जिना उतरू नका. आम्ही वेदनेची एक गोळीही न घेता निघालो. त्या रात्री अण्णा पहाटेपर्यंत कण्हत होते, आणि आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

शेजारच्या बाईंमुळे उपशामक, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, सेवेच्या डॉक्टरांचा पत्ता लागला. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र कर्करुग्णांसाठी 1997 पासून विनामूल्य चालतं. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन तर 1986 पासून आहे. अकरा दिवसांत दवाखान्यातल्या एकाही माणसाच्या तोंडून 'उपशामक' हा शब्द निघाला नाही, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दर चार तासांनी, गजर लावून. दुखायला लागायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं, नाहीतर बद्धकोष्ठानं नवा छळ सुरू होतो. ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ती दुर्मीळ केली होती. 2014 च्या दुरुस्तीनं नियम सैल झाले, तरी साठा संपायच्या चार दिवस आधी धावपळ करावी लागते. दादा म्हणतो, मॉर्फिननं गेले. डॉक्टरांनी बेतानं ठरवलेल्या मात्रेनं माणूस जात नाही. अण्णा त्या गोळीमुळे बोलते झाले.

एकोणीस दिवस मिळाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी उधारीची वही मागवली आणि सात नावांवर काट मारली. न शिवलेले तीन कपडे ज्याचे त्याला परत पाठवायला लावले. मोठी कात्री दुकानातल्या पोराला दिली. एका संध्याकाळी मला म्हणाले, "तुला बी.एड.ला पाठवलं नाही, ते माझं चुकलं." तीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते, हे ते ऐकल्यावर मला कळलं.

शेवटी त्यांनी पेज नको म्हटलं. आत्या विनोबांचं 1982 चं पवनारचं प्रायोपवेशन हात जोडून सांगते, आणि अण्णांना आम्ही "उपाशी ठेवलं" म्हणते. शरीर आवरतं घेताना भूक आपोआप जाते. अशा वेळी बळेबळे भरवू नका, ठसका लागून घास श्वासनलिकेत जातो. ओल्या कापसानं ओठ भिजवा. घशात घरघर सुरू झाली तर घाबरू नका, कुशीवर वळवा. सेवा करणाऱ्यानं स्वतःची झोपही सांभाळावी.

आणखी एक, घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला नमुना 4अ वर डॉक्टरांनीच द्यायचा असतो; त्याशिवाय स्मशानाचा पास अडतो. अपरात्री कोण येईल, हे आधीच ठरवून ठेवा. आमचे डॉक्टर नेमके परगावी होते. अण्णांना खाली ठेवून मी दोन तास फोन करत बसले.

हे सगळं 'इच्छामरण' नव्हे. इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे. अरुणा शानबाग प्रकरणाच्या 2011 च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयानं वाट काढत आणली. 9 मार्च 2018 ला सन्मानानं मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, आणि जानेवारी 2023 मध्ये ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आपल्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं त्यात लिहायची. एकापेक्षा जास्त लिहिता येतात. उपचार थांबवताना तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात, म्हणजे सगळा भार एकट्या लेकीच्या सहीवर येत नाही.

अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर मी माझं इच्छापत्र केलं. बोलणाऱ्यांत पहिलं नाव नवऱ्याचं, दुसरं मुलीचं. प्रत फॅमिली डॉक्टरांकडे दिली, एक दादाला व्हॉट्सॲपवर पाठवली. निळ्या खुणा त्याच रात्री उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही.