मोहीम लांबते, फेलोशिप लांबत नाही

ग्रहविज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सध्या बातम्यांची वाण नाही. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात उतरले. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चंद्रावरची माती-खडक पृथ्वीवर आणणाऱ्या चांद्रयान-4 साठी सुमारे 2,104 कोटी रुपये आणि शुक्राभोवती फिरणाऱ्या यानासाठी 1,236 कोटी रुपये मंजूर केले. मार्च 2025 मध्ये जपानच्या सहकार्याने होणाऱ्या चांद्रयान-5 लाही मान्यता मिळाली. अशी बातमी आली की भूविज्ञान किंवा भौतिकशास्त्र शिकलेली मुले विचारतात, ‘या मोहिमेवर पीएच.डी. करता येईल का?’ या क्षेत्राचे चढउतार पाहून माझे उत्तर आता पक्के झाले आहे. येणाऱ्या मोहिमेची तयारी जरूर करा, तिच्या चमूत शिरण्याचा प्रयत्नही करा. पण प्रबंधाचा पाया मात्र आज उपलब्ध असलेल्या डेटावर, नमुन्यांवर किंवा जमिनीवरच्या खडकांवर घाला. मोहिमेची वाट पाहत घालवलेली वर्षे परत मिळत नाहीत, आणि ती कोणाच्या हिशेबातही धरली जात नाहीत.

अडचण मुळात दोन कालमापनांची आहे. नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन फेलोशिप मिळाली, तर ती साधारण पाच वर्षांची असते: दोन वर्षे ज्युनियर, तीन वर्षे सीनियर, 2023 पासूनच्या दराने दरमहा 37 आणि 42 हजार रुपये. पाच वर्षे संपली की पैसे थांबतात. ग्रहमोहीम या मापात बसत नाही. शुक्रमोहिमेसाठी वैज्ञानिक उपकरणांचे प्रस्ताव इस्रोने 2017 मध्ये मागवले होते. उड्डाणासाठी मधल्या काळात 2023 ची चर्चा झाली. आता उद्दिष्ट आहे मार्च 2028. ज्याने 2017 मध्ये ‘शुक्रयानाच्या डेटावर काम करीन’ असे ठरवून नोंदणी केली असती, त्याची फेलोशिप यान प्रक्षेपकावर चढण्याच्या कितीतरी आधी संपली असती. उड्डाण झाले तरी प्रवासाचे महिने, मग उपकरणांची चाचणी, अंशांकन, आणि त्यानंतर डेटा सर्वांसाठी खुला होण्यापूर्वीचा राखीव काळ हे सगळे उरतेच. युरोपचे ज्यूस यान एप्रिल 2023 मध्ये निघाले, ते गुरूजवळ 2031 मध्ये पोहोचेल. नासाचे युरोपा क्लिपर ऑक्टोबर 2024 मध्ये निघाले, ते 2030 मध्ये पोहोचेल. हा उशीर नव्हे, हे ठरलेले वेळापत्रक आहे. सगळे सुरळीत पार पडले तरी एक अख्खी फेलोशिप वाटेतच संपते.

आणि सगळे सुरळीत पार पडत नाही. इथे सर्वांत महत्त्वाचे हे की उशिराची कारणे बहुतेकदा संशोधकाच्या कुवतीशी, त्याच्या विषयाच्या महत्त्वाशी किंवा उपकरणाच्या दर्जाशी संबंधित नसतात. नासाने शुक्रासाठी व्हेरिटास मोहीम 2021 मध्ये निवडली. पुढच्या वर्षी सायकी या दुसऱ्याच मोहिमेची उड्डाणाची संधी हुकली, त्याची चौकशी झाली, ते यान बांधणाऱ्या केंद्रात मनुष्यबळ अपुरे असल्याचे दिसले, आणि त्याच केंद्राकडे असलेली व्हेरिटास काही वर्षे पुढे ढकलली गेली. युरोपची रोझालिंड फ्रँकलिन ही मंगळावरची बग्गी 2018 मध्ये निघायची होती. आधी 2020, मग 2022 अशी ती पुढे गेली. पॅराशूटच्या चाचण्या अडल्या. आणि 2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाशी भागीदारी तुटल्यावर आता 2028 चे उद्दिष्ट आहे. 2025 मध्ये अमेरिकी प्रशासनाने नासाच्या विज्ञान विभागाचा निधी जवळपास निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव म्हणजे अंतिम निर्णय नव्हे, पण अशा प्रस्तावाची नुसती शक्यता दिसली तरी प्रयोगशाळा नवी पदे भरताना हात आखडता घेतात. युद्ध, अर्थसंकल्प, दुसऱ्याच यानाची हुकलेली संधी: यांतले काहीही एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पीएच.डी.चा विषय ठरवणाऱ्या मुलीच्या हातात नसते. जे हातात नाही त्यावर एकमेव पाया घालू नये, इतका साधा हा युक्तिवाद आहे.

आपल्याच चांद्रयान-2 ने याच्या दोन्ही बाजू दाखवल्या आहेत. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे विक्रम लँडर चंद्रावर आदळला आणि त्यावरच्या उपकरणांचा डेटा कधीच मिळाला नाही. पृष्ठभागाखालचे तापमान मोजणारे चास्टे, भूकंपमापक इल्सा यांसारखी उपकरणे जवळपास चार वर्षांनी चांद्रयान-3 बरोबर पुन्हा गेली आणि चंद्रावरच्या एका दिवसात, म्हणजे आपल्या सुमारे चौदा दिवसांत, त्यांनी काम केले. मधली चार वर्षे म्हणजे जवळजवळ एक फेलोशिप. चांद्रयान-2 चा कक्षेतला भाग मात्र 2019 पासून चंद्राभोवती फिरत राहिला. त्याच्यावरच्या कॅमेऱ्याने 30 सेंटिमीटरपर्यंतचे तपशील टिपले, रडारने आणि क्ष-किरण वर्णपटमापकाने विपुल डेटा दिला. तो बंगळुरूजवळच्या ब्यालाळू येथील केंद्रातून ‘प्रदान’ या पोर्टलवर नोंदणी करणाऱ्या कोणालाही मिळतो. चांद्रयान-1 ची गोष्ट याहून बोलकी आहे. दोन वर्षांसाठी पाठवलेल्या त्या यानाशी ऑगस्ट 2009 मध्ये, दहा महिन्यांतच संपर्क तुटला. त्याच्यावरच्या एम-थ्री या अमेरिकी वर्णपटमापकाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा असल्याचे त्याच वर्षी दाखवले. पण ध्रुवांजवळच्या कायम अंधारात असलेल्या खळग्यांत उघड्यावर बर्फ असल्याचा थेट पुरावा त्याच डेटातून 2018 मध्ये पुढे आला. यान गप्प झाल्यावर नऊ वर्षांनी त्याच्या डेटावरचे काम बहरले, कारण कोणीतरी जुन्या नोंदींना नवा प्रश्न विचारला.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की जुना डेटा आधीच्या लोकांनी पिंजून काढलेला असतो, त्यात आता काय उरले? पुरावा नेमका उलटा आहे. मॅगेलन यानाने 1990 ते 1992 या काळात रडारने शुक्राचा नकाशा केला. माट मॉन्स या पर्वतावरचे एक ज्वालामुखीचे मुख 1991 च्या फेब्रुवारी आणि ऑक्टोबर या दोन चित्रांत आकाराने जवळपास दुप्पट झालेले दिसते, हे रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही चित्रे वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली असल्याने तुलना किचकट होती. तीस वर्षे ती सर्वांसमोर होती, तरी कोणाच्या नजरेत भरली नव्हती. अपोलो मोहिमांनी आणलेल्या 382 किलो नमुन्यांना पहिली कित्येक दशके कोरडे ठणठणीत मानले गेले. 2008 मध्ये अधिक संवेदनशील उपकरणांनी त्यांतल्याच काचमण्यांत पाण्याचा अंश सापडला. आणि आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर नागपूर जिल्ह्यातल्या काटोलचे घ्या. 22 मे 2012 रोजी तिथे उल्का पडल्या. त्यांच्या अभ्यासातून भारतीय संशोधकांनी 2021 मध्ये ब्रिजमनाइट या खनिजाचा नैसर्गिक नमुना नोंदवला. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात सर्वाधिक असलेले हे खनिज जमिनीखाली शेकडो किलोमीटर खोल असल्याने हाती लागत नाही. या कामासाठी कोणत्याही उड्डाणाची तारीख पाहावी लागली नाही. जुना डेटा संपत नाही. त्याला विचारायचे प्रश्न संपले असे वाटते ते उपकरणे, संगणन आणि कल्पना पुढे गेल्याचे लक्षात न घेतल्याने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मला तो मनापासून मान्य आहे. सगळेच तयार डेटाकडे वळले तर उपकरणे कोण बनवणार? उपकरण बांधणाऱ्याला मोहिमेशी बांधून घ्यावेच लागते, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या किंवा इस्रोच्या केंद्रांतल्या ज्या लोकांनी असे दशक-दशक दिले, त्यांच्याशिवाय खुला करायला डेटाच नसता. म्हणून माझा सल्ला ‘मोहिमेत जाऊ नका’ असा मुळीच नाही. कोरडवाहू शेतकरी सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी सोडतो, तशी प्रबंधाची आखणी असावी: उपकरणावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती किमान दोन प्रकरणे अशी असावीत की जी यान उडाले नाही तरी पूर्ण होतील. प्रयोगशाळेतली अंशांकनाची मोजमापे, खनिजांचे वर्णपट, आधीच्या मोहिमेच्या डेटावर त्याच पद्धतीची चाचणी हे सगळे उपकरणाच्याच उपयोगाचे असते आणि प्रबंधालाही आधार देते. यान पोहोचले की हाच विद्यार्थी पहिल्या आठवड्यापासून कामाचा ठरतो, कारण डेटा हाताळण्याचा सराव त्याने आधीच केलेला असतो.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. मोहिमेच्या चमूत नाव असले की नोकरीच्या वेळी वजन पडते, हे खरे. पण चमूत जागा कोणाला मिळते तेही पाहावे. चालू मोहिमांमध्ये बाहेरच्या संशोधकांना सहभागी करून घेण्याच्या योजना असतात. इस्रोनेही चांद्रयान आणि मंगळयान यांच्या डेटावर काम करण्यासाठी देशातल्या संस्थांकडून प्रस्ताव मागवलेले आहेत. अशा प्रस्तावात पहिला प्रश्न असतो तो आधी केलेल्या कामाचा. उपलब्ध डेटावर प्रसिद्ध झालेला एक नीटस शोधनिबंध हे चमूत शिरण्याचे सर्वांत भक्कम प्रवेशपत्र आहे. नुसती वाट पाहणाऱ्याजवळ ते नसते.

आता प्रत्यक्ष काय करावे. बातमी वाचताना मोहीम कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवा. घोषणा, मंत्रिमंडळाची मान्यता, प्रत्यक्ष निधी, बांधणी, उड्डाण, पोहोचणे आणि डेटा खुला होणे हे सात वेगळे टप्पे आहेत, आणि तुमच्या प्रबंधाला फक्त सातव्याचा उपयोग आहे. संधीची जाहिरात वाचताना पैसा कोणाला मिळतो ते पाहा: नासाच्या संशोधन योजनांत अमेरिकेबाहेरच्या संस्था सहकारी होऊ शकतात, पण सहसा स्वतःच्या पैशाने, म्हणून भारतातल्या विद्यार्थ्याने इस्रोची रिस्पॉन्ड योजना आणि आपल्या संस्थेचा निधी आधी तपासावा. दरवर्षी मार्चमध्ये टेक्सासमध्ये चांद्र आणि ग्रहविज्ञान परिषद भरते. तिचे दोन पानी सारांश जानेवारीच्या सुमारास द्यावे लागतात, आणि आधीच्या वर्षांचे सारांश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. महागडी नियतकालिके न परवडणाऱ्या महाविद्यालयातल्या मुलालाही क्षेत्र कुठवर आले आहे ते त्यांतून कळते, आणि दोन पानांत एक मुद्दा कसा मांडावा याचा तो उत्तम पाठ आहे. क्यूजीआयएस, अमेरिकी भूविज्ञान सर्वेक्षणाचे आयसिस, यानाची स्थिती व दिशा काढणारे स्पाइस ही साधने फुकट आहेत, ती एम.एस्सी.च्या वर्षातच शिकून घ्यावीत. मोहीम बदलली तरी ही कौशल्ये तशीच कामी येतात.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट फार जवळ आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे बेसॉल्ट खडकात आघाताने झालेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आहे. मंगळाचे कवच मुख्यतः बेसॉल्टचे असल्याने तिथल्या विवरांशी तुलना करायला जगभरचे संशोधक लोणारला येतात. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे 50 हजार वर्षे, तर आर्गॉन पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले आहे. इतका मोठा फरक ज्या प्रश्नात आहे, तिथे काम संपलेले नाही हे उघड आहे. तिथे अभयारण्य असल्याने नमुने घेण्यापूर्वी वन विभागाची परवानगी लागते, आणि ती मिळायला वेळ लागतो. म्हणून अर्ज पहिल्याच सहामाहीत करावा.

यापुढची जबाबदारी विद्यार्थ्यांपेक्षा गाईड आणि संस्था यांची अधिक आहे. एखाद्या न उडालेल्या यानावर संपूर्ण विसंबलेला प्रबंधाचा आराखडा संशोधन समितीसमोर आला, तर समितीने एकच प्रश्न विचारावा: हे यान तीन वर्षे लांबले तर या विद्यार्थ्याच्या हातात काय उरेल? समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय आराखडा मंजूर करू नये. असे केल्याने मोहिमांचे नुकसान होणार नाही. उलट यान पोहोचेल तेव्हा त्याच्या डेटाची वाट पाहणारी माणसे क्षेत्रात टिकून असतील, प्रशिक्षित असतील, आणि त्यांच्या नावावर आधीचे काम असेल. पुढच्या दशकात भारताला चंद्राची माती आणि शुक्राचा डेटा मिळवायचा आहे. तो वाचणारी पिढी आजच्या डेटावरच तयार करावी लागेल.