शेपटी दरवर्षी का गळते?

प्रश्न : माझ्याकडे फिनिक्स जातीचा कोंबडा आहे. त्याची लांब शेपटी दरवर्षी गळते. जपानी कोंबड्यांसारखी ती वाढत राहावी म्हणून काय खायला घालू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नुसत्या खुराकाने ते साधणार नाही. जपानच्या शिकोकू बेटावर, कोची प्रांतात जोपासलेल्या ओनागादोरी कोंबड्यांची शेपटीची काही पिसे आनुवंशिक गुणामुळे गळतच नाहीत, वर्षानुवर्षे वाढत राहतात. दहा मीटरपर्यंतच्या शेपट्यांची नोंद त्यामुळेच झाली. १९५२ मध्ये जपानने या जातीला विशेष नैसर्गिक ठेव्याचा दर्जा दिला. फिनिक्स ही जपानी लांबशेपट्यांपासून संकराने जर्मनीत घडलेली जात. तिची पिसे सहसा गळतातच. हा आजार नव्हे.

शेपटी मळू नये म्हणून ओनागादोरी कोंबडे उंच, अरुंद पेटीत दांडीवर ठेवण्याची रीत आहे. तुम्ही मात्र तसे करू नका, कोंबड्याला हिंडू द्या. बसायची दांडी शेपटी जमिनीला टेकणार नाही इतकी उंच हवी, खाली कोरडे तूस. पावसाळ्यात ते ओले राहिले की पिसे कुजकट होतात.

पिसे गळतात तेव्हा खाद्यात थोडी सुकट किंवा सोयाबीन पेंड वाढवा. नवे पीस निळसर नळीतून येते आणि त्या नळीत रक्त असते. ती मोडली तर रक्त वाहते, आणि ते दिसताच कोंबड्या टोचायला धावतात. तेवढे आठवडे त्याला वेगळे ठेवा आणि शेपटीला धरून कधीच उचलू नका.